“बेकरीचं काय सांगायचं, सर?” : मोठ्या कंपनीच्या मुलाखतीआधी आपली मुलं कुठे अडतात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. मुलगी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली, आता पुण्यात एमबीएच्या पहिल्या वर्षाला. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत उन्हाळ्याच्या मार्केटिंग इंटर्नशिपसाठी तिचा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला होता. मुलाखत चार दिवसांवर आली होती. “सर, अब्बूंना अजून सांगितलं नाही. नाही झालं तर उगाच मोहल्ल्यात चर्चा.”

आम्ही शाळेत शिकवतो, कंपन्यांशी आमचा संबंध येत नाही. पण मुलांना प्रश्न विचारणं हा आमचा रोजचाच धंदा. म्हणून त्या रात्री इशानंतर व्हिडिओ कॉलवर तिची सरावाची मुलाखत घेतली. पहिला प्रश्न नेहमीचा, स्वतःबद्दल सांगा. तिने पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणून दाखवलं. आपण मेहनती आहोत, मार्केटिंगची आवड आहे, टीममध्ये काम करायला आवडतं. त्यात एकही चूक नव्हती आणि तिचं स्वतःचं असंही काही नव्हतं.

आम्ही विचारलं, “आजवर कुणाला काही विकलंस का?”

“नाही सर.” मग थोडं थांबून, “म्हणजे अब्बूंच्या बेकरीचं थोडं बघायचे. पण बेकरीचं काय सांगायचं, सर? हसतील.”

खोदून विचारल्यावर जे निघालं ते असं. २०२१ च्या रमजानमध्ये निर्बंध होते, दुकानावर गिऱ्हाईक नव्हतं. ती तेव्हा अकरावीत. तिने उधारीच्या वहीतून गिऱ्हाइकांचे नंबर काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी केली आणि रोज अस्रच्या आधी मेसेज पाठवायला सुरुवात केली. मोहल्ल्यातल्या घरांना उर्दूत आवाजी मेसेज, बाजारपेठेतल्या हिंदू गिऱ्हाइकांना मराठीत. आधी नुसता फोटो टाकायची. मग अर्ध्या लोकांना भावासकट आणि ‘ऑर्डर पाच वाजेपर्यंत’ असं लिहून पाठवून पाहिलं. भाव लिहिलेल्या मेसेजला दुपटीने ऑर्डर आल्या, म्हणून तेच कायम केलं. महिना संपता संपता रोजच्या ४० ऑर्डर ११० वर गेल्या. भाऊ सायकलवरून पोचवायचा.

वाचकहो, मार्केटिंग म्हणतात ते हेच. गिऱ्हाइकांचे गट पाडणं, प्रत्येक गटाशी त्याच्या भाषेत बोलणं, दोन प्रकारे करून बघणं, आकडा मोजणं आणि जे चाललं ते धरून ठेवणं. त्यासाठी कंपन्यांमध्ये वेगवेगळी पदं असतात. आमची विद्यार्थिनी हे सगळं सोळाव्या वर्षी करून बसली होती आणि मुलाखतीत नेमकं तेच लपवणार होती.

हा प्रश्न एका मुलीपुरता नाही, म्हणून लिहीत आहोत.

नावाची अडचण खरी आहे, पण ती कुठे आहे ते बघा

आपल्या घरांत या विषयावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, “मुसलमानाचं नाव बघून कोण घेतंय?” दुसरं, “भेदभाव वगैरे काही नसतं, आपलीच मुलं कमी पडतात.” उपलब्ध अभ्यास पाहिले तर दोन्ही मतं अर्धीच खरी ठरतात.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश निघाली. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने मुस्लिम मुलींपुरता असाच अभ्यास केला. दहा महिन्यांत एक हजार जाहिरातींना दोन बनावट अर्ज पाठवले, पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. ‘प्रियांका शर्मा’ला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, ‘हबीबा अली’ला १०३. हा फरक कुणाच्या कल्पनेतला नाही.

पण आणखी एक अभ्यास आहे आणि तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी असेच अर्ज पाठवले होते. तो अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात मुस्लिम नावांविरुद्ध भेदभावाचा पुरावा सापडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र ओबीसी नावांना सवर्णांपेक्षा कमी बोलावणी आली.

याचा आम्ही लावलेला अर्थ असा की अडथळा सगळीकडे सारखा नाही. आणि या तिन्ही अभ्यासांनी तपासली ती पहिली पायरी, म्हणजे अर्ज पाठवणं आणि बोलावणं येणं. कुणीतरी कागद चाळताना नाव वाचतो आणि बाजूला ठेवतो, तिथे आपलं नुकसान होऊ शकतं. मुलाखतीच्या खोलीत काय होतं ते या अभ्यासांनी पाहिलेलंच नाही. म्हणून जी मुलगी चाळणीतून पुढे गेली, तिने पहिली भिंत ओलांडलेली आहे. तिने आता त्याच भिंतीच्या भीतीने स्वतःला लहान करून बोलावं, हे नुकसान आपण आपल्या हातानं करून घेतो.

मोठ्या कंपन्या विचारतात तरी काय?

गुगलचे मनुष्यबळ प्रमुख राहिलेले लास्लो बॉक यांनी २०१५ मध्ये ‘वर्क रूल्स’ हे पुस्तक लिहिलं. कंपनी उमेदवारात चार गोष्टी बघते, असं त्यात आहे : विचार करण्याची कुवत, पुढाकार घेण्याची वृत्ती, कंपनीच्या वातावरणाशी मेळ आणि त्या कामाचं ज्ञान. एकेकाळी विचारली जाणारी डोकं चक्रावणारी कोडी निरुपयोगी होती, हेही बॉक यांनी जाहीरपणे मान्य केलं. त्यांचा भर ठरवून आखलेल्या मुलाखतीवर होता. म्हणजे एका पदाच्या सगळ्या उमेदवारांना सारखेच प्रश्न, सारख्याच निकषांवर गुण आणि एकट्या मुलाखतकाराच्या मर्जीवर निर्णय नाही.

अ‍ॅमेझॉनची पद्धत थोडी वेगळी. त्यांची सोळा ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’ आहेत, त्यात पहिलं ग्राहकाविषयी. मुलाखतीतले बरेच प्रश्न त्यांच्याभोवती फिरतात : अमुक प्रसंगी तुम्ही काय केलं ते सांगा. उत्तर कसं मांडायचं, हे कंपनी स्वतःच उमेदवारांना सांगते. आधी प्रसंग, मग तुमच्यावरची जबाबदारी, मग तुम्ही प्रत्यक्ष काय केलं आणि शेवटी निकाल काय लागला.

आता बेकरी या चार खणांत घालून बघा. प्रसंग : रमजानमध्ये दुकानावर येणारं गिऱ्हाईक थांबलं. जबाबदारी : घरबसल्या ऑर्डर मिळवायच्या. काम : उधारीच्या वहीतून यादी, दोन भाषांत मेसेज, भावासह आणि भावाविना करून पाहिलं. निकाल : ४० वरून ११०. चार वाक्यांत झालं. यात खोटं काही नाही, फुगवलेलं काही नाही, आणि पुढे दहा प्रश्न आले तरी मुलगी अडखळणार नाही, कारण ते तिनं जगलेलं आहे.

सध्या हे जास्तच महत्त्वाचं झालं आहे. ऑनलाइन मुलाखतीत समोरच्या पडद्यावर एआयकडून उत्तर काढून वाचणारे उमेदवार वाढले आहेत. गुगलचे सुंदर पिचाई यांनी जून २०२५ मध्ये सांगितलं की मुलाखतीची किमान एक फेरी समोरासमोर घेण्यावर कंपनीचा भर राहील. पाठांतर आणि उसनी उत्तरं समोर बसल्यावर उघडी पडतात. आपल्या मुलांकडे उसनं न घेता सांगण्यासारखं बरंच आहे, फक्त त्यांना ते ‘सांगण्यासारखं’ वाटत नाही.

आपली भाषा ही कमजोरी नाही

मार्केटिंगच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, आमचं एखादं उत्पादन घ्या आणि ते लहान शहरातल्या माणसांपर्यंत कसं न्याल ते सांगा. इथे आपली मुलं पुस्तकातली इंग्रजी व्याख्या आठवू लागतात. खरं तर उत्तर घरात बसलेलं असतं.

गुगल आणि केपीएमजी यांचा अहवाल एप्रिल २०१७ मध्ये आला. २०१६ मध्ये देशात भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी, असा त्याचा अंदाज होता. पुढच्या पाच वर्षांत नव्याने येणाऱ्या दहापैकी नऊ जण भारतीय भाषा वापरणारे असतील, असंही त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने ‘तेज’ हे पैसे पाठवण्याचं अ‍ॅप आणलं. आजचं गुगल पे ते हेच, आणि ते पहिल्या दिवसापासून मराठीतही होतं. त्याआधी २०१५ मध्ये टाटा ट्रस्टसोबत ‘इंटरनेट साथी’ सुरू झालं होतं, त्यात खेड्यातल्या बायकांना इंटरनेट शिकवण्यासाठी बायकांनाच तयार केलं गेलं. या कंपन्यांना ज्या माणसापर्यंत पोचायचं आहे, तो माणूस आपल्या मुलांच्या घरातच राहतो.

अम्मी टाइप का करत नाहीत, आवाजी मेसेजच का पाठवतात? नाना पैसे पाठवायला नातवाला का बोलावतात, पिन चुकण्याची भीती वाटते म्हणून की आकडे बारीक दिसतात म्हणून? खाला उर्दू वाचतात, मराठी बोलतात आणि मोबाइल इंग्रजीत ठेवतात, असं का? या प्रश्नांची उत्तरं शोधायला कंपन्या पैसे खर्च करून सर्वेक्षणं करतात. दोन-तीन भाषांत वाढलेलं आपलं पोर हे रोज बघतं. मुलाखतीत ते सांगितलं तर समोरचा कान टवकारतो.

इंग्रजी लागतं का? लागतं. अशा कंपन्यांतल्या मुलाखती बहुधा इंग्रजीतच होतात आणि यावर मुलांना खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. पण जे लागतं ते साधं, स्पष्ट, न घाबरता बोललेलं इंग्रजी. लहान वाक्यं, सावकाश बोलणं. प्रश्न कळला नाही तर “पुन्हा सांगाल का” असं विचारणं कमीपणाचं नाही. न कळलेल्या प्रश्नाचं सुंदर उत्तर देण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक सवय अडचणीची ठरते. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं बेअदबी वाटते, मुलं ‘आम्ही केलं’ म्हणतात. आम्ही स्वतः हा लेखही ‘आम्ही’ म्हणतच लिहीत आहोत! घरात ही तहजीब चांगलीच आहे. मुलाखतीत मात्र समोरच्याला कळायला हवं की भावाने सायकल चालवली आणि मेसेज तुम्ही लिहिले. दुसऱ्याचं श्रेय न घेता स्वतःचं काम स्वतःच्या नावावर सांगणं हा गर्व नाही, ती साक्ष आहे.

घरच्यांनी काय करायचं

पहिली गोष्ट वेळेची. एमबीएच्या मुलांची उन्हाळी इंटर्नशिप एप्रिल-मेमध्ये सुरू होते, पण चांगल्या कंपन्यांची निवड कित्येक महिने आधी, बहुधा दिवाळीच्या आसपास उरकते. आपल्याकडे पोरं परीक्षा झाल्यावर शोधायला निघतात. तोवर बाजार उठलेला असतो.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. इंटर्नशिपसाठी नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंगचे पैसे मागणारा माणूस कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव घेत असला तरी त्याला एक रुपया देऊ नका. आलेली संधी कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर आहे का ते पाहा, ईमेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आला आहे का ते तपासा. शिकण्यासाठीही फार पैसे लागत नाहीत. गुगलच्या स्किलशॉपवर जाहिराती आणि अ‍ॅनालिटिक्सचे अभ्यासक्रम मोफत आहेत, सरकारच्या ‘स्वयम’वर मार्केटिंगचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात.

तिसरी गोष्ट घराची. मुलाखत घरून असेल तर त्या एका तासासाठी एक खोली द्या. एकच खोली असेल तर तेवढा वेळ सगळ्यांनी शेजारी जाऊन बसा. टीव्ही बंद, कुकर बंद, मोबाइलचा नेटपॅक भरलेला, उजेड चेहऱ्यावर. वेळ जुम्याच्या नमाजशी अडत असेल तर आधीच ईमेल करून दुसरी वेळ मागावी. सभ्यपणे मागितली तर त्यात काही गैर नाही. स्कार्फ घालणाऱ्या मुलीने तो नेहमीसारखा घालावा आणि त्याबद्दल स्वतःहून खुलासे देत बसू नये. बोलणं कामाचं असावं.

चौथी गोष्ट अंतराची, आणि ती सगळ्यात अवघड. या कंपन्यांची कार्यालयं मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, गुरुग्राम इथे. अंतराची अडचण फक्त आपल्या समाजाची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून जास्त जागा होत्या. ८२ हजारांवर प्रस्ताव दिले गेले, सुमारे २८ हजारांनी होकार दिला आणि प्रत्यक्ष रुजू झाले ८,७०० च्या आसपास. ठिकाण, कामाचं स्वरूप आणि बारा महिन्यांचा लांब कालावधी अशी कारणं पुढे आली. मोठ्या कंपन्यांची उन्हाळी इंटर्नशिप साधारण दोन-अडीच महिन्यांची असते. तेवढ्यासाठी एखाद्या नातेवाइकाचं घर किंवा मुलींचं चांगलं हॉस्टेल शोधणं अशक्य नाही. पण ते मुलाखतीआधी शोधून ठेवावं. निवड झाल्यावर “एवढ्या लांब कुठे पाठवायचं” हा विषय काढला, तर मुलीची मेहनतही जाते आणि आधीच कठीण असलेली एक जागाही जाते.

समाजाने काय करायचं

आपल्या समाजात नीटचे क्लास आहेत, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आहेत. त्यांचं मोल मोठं आहे. पण खासगी कंपनीच्या मुलाखतीला बसणाऱ्या पोराला सराव करून देणारं जवळपास कुणी नाही. ज्या घरात मामा कंपनीत मॅनेजर आहे, तिथे हा सराव जेवताना होतो. आपल्या बहुतेक घरांत तो मामा नाही. मग तो मामा समाजाने उभा करायला हवा.

मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम, पुण्यात आझम कॅम्पस, औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज अशा जुन्या, नावाजलेल्या संस्था आपल्याकडे आहेत. त्यांचे माजी विद्यार्थी देशात-परदेशात कंपन्यांत बसलेले आहेत. त्यांनी महिन्यातून दोन तास व्हिडिओवर दिले तरी शेकडो मुलांचा सराव होईल. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. तिच्या कार्यक्रमांत स्पर्धा परीक्षांसोबत कंपन्यांच्या इंटर्नशिपची तयारीही असावी, ही मागणी आपण लेखी करायला हवी. आणि भेदभावाचं बोलायचं तर, अर्जाच्या पहिल्या चाळणीत नाव झाकून ठेवावं, अशी मागणी आपल्या संघटनांनी कंपन्यांकडे केली पाहिजे. रडगाणं गायलं तर कंपनी ऐकून सोडून देते, अभ्यासाचे आकडे समोर ठेवले तर तिला उत्तर द्यावं लागतं.

उंट बांधून मग तवक्कुल करायची शिकवण आपल्या प्रत्येक घरात आहे. रोजी देणारा अल्लाह आहे, यावर आपला ईमान आहे. पण उंट बांधायची दोरी मुलांच्या हातात आपणच द्यायची असते.

त्या विद्यार्थिनीचं काय झालं, असं विचाराल. मुलाखत झाली. तिने बेकरी सांगितली. पाऊण तासातला जवळजवळ अर्धा वेळ त्याच विषयावर गेला : यादी कशी केली, मेसेज कधी पाठवला, ईदनंतर ऑर्डर घटल्या तेव्हा काय केलं. कुणी हसलं नाही. आठवड्याने ईमेल आला, निवड झाली नव्हती. त्या रात्री तिने पहिल्यांदा अब्बूंना सगळं सांगितलं. अब्बू बराच वेळ गप्प होते म्हणे. मग विचारलं, “माझ्या बेकरीवर एवढा वेळ बोलले ते लोक?”

महिन्याभराने तिला दुसऱ्या, जरा लहान कंपनीत इंटर्नशिप मिळाली. मोठ्या कंपनीत ती पुन्हा अर्ज करणार आहे. आता रविवारी दुपारी ती आमच्या शाळेतल्या दोन माजी विद्यार्थ्यांची फोनवर सरावाची मुलाखत घेते. त्यातल्या एकाचे वडील गॅरेज चालवतात. परवा त्याने आम्हाला विचारलं, “सर, गॅरेजचं सांगू का?”

आम्ही म्हटलं, “आधी तेच सांग.”